कापश्याच्या कानावरचा थेंब

सकाळचं कोवळं ऊन मांजराच्या कानातून आरपार येताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? नसेल, तर तुमचं भलं झालं असंच मी म्हणेन. कारण ते पाहण्याची पाळी माझ्यावर आली ती काही हौसेनं आली नाही. आमचा कापश्या पाय पोटाशी घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसतो, पूर्वेचं ऊन त्याच्या उजव्या कानामागे येऊन उभं राहतं, आणि एरवी मळकट दिसणारा तो कान एकाएकी जास्वंदीच्या पाकळीसारखा लालस, पारदर्शी होतो. त्या लालीत, अगदी कडेलगत, केसाहून जराशी जाड अशी एक शीर वळण घेत जाते. किती नाजूक! किती निर्धास्त! आणि पस्तीस वर्षं पोरांच्या माथी गणित मारलेली मी मास्तरीण, हातात सुई घेऊन त्या सौंदर्याच्या नेमक्या कडेवर नेम धरून बसलेली असते.

कापश्या हे नाव ह्यांनी ठेवलं. ह्यांनी म्हणजे आमच्या यजमानांनी. रेल्वेतून निवृत्त, स्वभावानं मऊ, आणि बारा वर्षांपासून स्वतःही साखरेचे रोगी. मांजराचं पिल्लू घरी आलं तेव्हा नुकत्या फुटलेल्या बोंडासारखं पांढरं शुभ्र होतं, आणि विदर्भातून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण इथे परमुलखात, बीरगांवात पांढरं काही टिकतं का? सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी रोज आमच्या गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या धोतरावर येऊन बसते. ती कापश्याला कशी सोडील? दुपारपर्यंत त्याचा कापूस राखेच्या रंगाचा होतो, आणि संध्याकाळी तो स्वतःला चाटून चाटून पुन्हा पांढरा करत बसतो.

त्याचा रोग आम्हाला प्रथम सांगितला तो मुंग्यांनी. गेल्या उन्हाळ्यात तो घागरभर पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळत चालला, मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून म्हाताऱ्यासारखा चालू लागला. मी म्हटलं, वय झालं. मग एके सकाळी त्याच्या वाळूच्या तसराळ्याभोवती काळ्या मुंग्यांची रांग लागलेली दिसली. बारा वर्षं साखरेशी संसार केलेल्या बाईला मुंग्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तो शांत, तरुण माणूस हिंदीत एवढंच म्हणाला, “मैडम, शुगर है. घर पर ही संभालना पड़ेगा, दिन में दो बार.”

घरीच सांभाळायचं! ऐकायला किती सोपं! आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं कान शेकायचा, कानामागे कापसाचा बोळा धरायचा, सुई टोचायची, मोहरीएवढा थेंब उगवायची वाट पाहायची, तो पट्टीला लावायचा आणि मग त्या इवल्या यंत्राच्या पडद्यावर पाच, चार, तीन, दोन, एक अशी उलटी मोजणी पाहत श्वास रोखून बसायचं. मग खाणं. खाल्लं याची खात्री झाली की मगच मानेमागची कातडी उचलून इन्सुलिन. बारा तासांनी पुन्हा हेच. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी फ्रिजवर डकवला होता: आकडा दोनशेच्या खाली असेल तर इन्सुलिन द्यायचं नाही, फोन करायचा. खाल्लं नाही तरी फोन करायचा. घरात मध ठेवायचा. यातली शेवटची ओळ सोडून सगळं मी अक्षरशः पाळलं. मध मी आणला नाही. ह्यांच्या साखरेपायी आमच्या घरातून साखरेचा डबा मीच हद्दपार केला होता; गूळ कुलपात होता, तोही संपला तो संपलाच. म्हटलं, मध आणीन आणि हे चमच्यानं चाटतील. माझ्या घराच्या शिस्तीचा मला केवढा अभिमान होता!

आणि एवढ्या शिस्तीनंही आकडा उतरेना. तीनशे चाळीस, तीनशे ऐंशी, पुन्हा तीनशे साठ. तोलूनमापून उकडलेली कोंबडी, बिस्किटाचा तुकडा नाही, दुधाचा थेंब नाही. मग ही साखर येते कुठून? मी रात्रंदिवस त्या आकड्यांशी भांडत होते. डॉक्टरांनी एक युनिटाचं दीड केलं, पंधरा दिवसांनी दोन केलं. दोन्ही वेळा हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, घराबाहेर काही खातो का हा? मी ताठ मानेनं म्हणाले, “सवाल ही नहीं उठता!” हे त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

मग एका सकाळी कापश्यानं माझ्या पायाशी उलटी केली, आणि तिच्यात भात निघाला. स्पष्ट, टपोरी शितं! माझ्या घरात आठवड्यातून एकदा भात होतो. मी चप्पल न घालता गल्लीत उतरले. भिंतीपलीकडे दुलारी दीदीचं घर; तिची दोन्ही मुलं कामासाठी दूर गेलेली, नवरा कारखान्यात पाळीवर, आणि दुपारभर ती परछीत, म्हणजे आमच्या भाषेत ओसरीत, एकटी बसलेली असते. तिच्या उंबऱ्याशी एक जर्मनची थाळी पालथी पडलेली होती, आणि थाळीच्या कडेला माशाच्या रश्श्यात भिजलेलं एक शीत चिकटलेलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. सांगायची लाज वाटते. नळावर पाणी भरणाऱ्या चार बायांच्या देखत मी तिला म्हणाले की तू माझ्या लेकराला जहर घालते आहेस, आजपासून माझं मांजर तुझ्या दारात दिसलं तर बघ. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला घडलेला. तो पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकापर्यंत पोचला असणार. दीदी हातातलं फडकं पिळत उभी राहिली. “मोला नइ पता रिहिस, भाभी,” एवढंच ती इथल्या बोलीत म्हणाली, मला ठाऊक नव्हतं, आणि मग अगदी हळू, “हव. अब नइ देवंव.” बरं, आता नाही देणार. मी घरी आले ती जिंकून आल्यासारखी. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते, पान उलटं नव्हतं एवढंच.

त्या संध्याकाळी आकडा आला दोनशे साठ. पाहा! मी अक्षरशः टाळी वाजवली. दुसऱ्या सकाळी, कान उन्हात लाल झालेला, थेंब नीट उगवलेला, उलटी मोजणी संपली आणि पडद्यावर आलं दोनशे चार. कित्येक महिन्यांत एवढा देखणा आकडा मी पाहिला नव्हता. कापश्यानं कोंबडी अर्धीच खाल्ली, उरलेली हुंगून तोंड फिरवलं. मी म्हटलं, नखरे आहेत, भाताची चटक लागली आहे. सिरिंजमध्ये दोन युनिट भरत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. “थोडं कमी देऊन पाह्यतं का आज? मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं.” मी वळले सुद्धा नाही. “तुम्हाले काय समजते त्यातलं? दोनशेच्या खाली आहे का? नाही ना? मग?” आणि मी सुई टोचली.

दोनशेवर चार होते ना! नियम माझ्या बाजूनं होता. पण तुम्हीच सांगा, समीकरणाच्या एका बाजूचं पद काढून घेतलं तर दुसऱ्या बाजूला हात लावावा लागतो, हे मी किती पिढ्यांना फळ्यावर शिकवलं असेल? ती दोन युनिटं दीदीच्या भातावर बेतलेली होती. भात मी काढून घेतला, आणि औषध तसंच ठेवलं. एवढं सोपं गणित. पण रागात असलेल्या माणसाला ते सुटत नाही.

तो दिवस खमरछठचा होता. आपल्या पंचांगातला श्रावण, इथल्यांचा भादो. वद्य षष्ठीला इथल्या आया लेकरांसाठी उपास धरतात. गल्लीत एक लहानसं तळं खणतात, त्याला सगरी म्हणतात, त्याच्याभोवती बसून पूजा करतात. नांगरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी काही खायचं नाही. पाणथळीत आपोआप उगवणारा पसहर तांदूळ शिजवायचा, आणि उपास सोडण्याआधी पानांच्या द्रोणांतून गाय, कुत्रा, मांजर, पाखरं यांचा वाटा बाजूला काढायचा. आमच्या दारापुढच्या लिंबाखालीच सगरी खणली होती. दरवर्षी मी खिडकीतून पाहते. आम्हाला मूल नाही. त्यामुळे त्या वर्तुळात माझी जागा नाही, आणि कुणी बोलावलं तरी मी जात नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला बायांची गाणी चालू होती, आणि मला कापश्याची चाहूल बराच वेळ नव्हती. गच्चीवर नाही, पलंगाखाली नाही. शेवटी तो दीदीच्या बंद फाटकाशी सापडला. बिचारा नेहमीच्या वेळेला भातासाठी गेला असणार आणि फाटक बंद पाहून तिथंच बसला असणार. मी हाक मारली. तो उठला, आणि त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले. दोन पावलं टाकून तो भिंतीवर आपटला. भर उन्हात त्याचे डोळे काळेभोर, बाहुल्यांनी भरलेले. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याला दिसत नव्हते. मग त्याच्या ओठाची कड फडफडू लागली. मी त्याला उचललं तर ओल्या पोत्यासारखा हातातून गळत होता.

कान शेकायला वेळ कुणाला? तसाच टोचला. पाच, चार, तीन, दोन, एक. अडतीस.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “शहद मसूड़ों पर मलिए, अभी के अभी. मुँह में मत डालिए. होश आए तो खिलाइए, और ले आइए.” मध! मी स्वयंपाकघरात धावले. डबे उघडले, पाडले. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. माझ्या आदर्श घरात त्या क्षणी गोड म्हणून काही नव्हतं. मी ओरडले, “अहो, काही तरी गोड आणा हो!” आणि दारात उभे असलेले हे, पांढरेफटक, एका दमात म्हणाले, “दीदीकडे आहे मध. मागच्या खोलीत, पिठाच्या कोठीवर, लाल झाकणाची बाटली.”

तुम्ही ऐकलंत ना? मीही ऐकलं. पण त्या वेळी विचार करायला सवड नव्हती.

मी कापश्याला पदरात गुंडाळून अनवाणी त्या बायांच्या वर्तुळात शिरले. गाणं थांबलं. काल ज्या बायांसमोर मी तिचा पाणउतारा केला त्याच सगळ्या तिथं होत्या, आणि दीदी सगरीच्या काठाशी, हातात द्रोण घेऊन, दिवसभराची निर्जळी. मी नुसतंच कापश्याला पुढे केलं आणि रडू लागले. “का होगे?” काय झालं, म्हणत ती उठली. पूजा अर्धवट, उपास अर्धवट, द्रोण तिथंच टेकवला. मी म्हटलं, मध. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. धावत गेली आणि मंदरसाची, म्हणजे रानातल्या मधाची, बाटली घेऊन आली. लाल झाकणाची.

तिनं जबडा धरला, मी बोटानं हिरड्यांना मध चोळला. एकदा, दोनदा, पाच वेळा. किती वेळ गेला असेल? मला विचाराल तर एक जन्म. लिंबाखाली दहा-बारा उपाशी आया वाकून पाहत होत्या, कुणी कापश्याच्या पायाला हात लावून होती, आणि दीदी माझ्या खांद्यावर कोपर टेकून एकच वाक्य म्हणत होती, “झन रो भाभी, झन रो.” रडू नको. मग त्याची फडफड थांबली. जीभ बाहेर आली, हिरडीवरचा मध त्यानं चाटला. बाहुल्या थोड्या आवळल्या. त्यानं मान उचलली आणि बारीक, भांडखोर आवाजात तो म्याव म्हणाला.

आता त्याला खायला घालायला हवं होतं. नाही तर मधाची साखर उतरताच पुन्हा तेच. हे धावत जाऊन उकडलेली कोंबडी घेऊन आले. कापश्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. मी विनवलं, चोचले पुरवले. नाही म्हणजे नाही. तेव्हा मी दीदीकडे पाहिलं. काल सकाळीच ज्याला मी जहर म्हटलं होतं तेच मागायला माझी जीभ उचलत नव्हती, पण जीव त्याचा जात होता, माझा मान नव्हे. मी म्हटलं, “दीदी, भात आहे का?”

तिनं सगरीच्या काठाशी ठेवलेला द्रोण उचलला. पसहरचा लालसर भात, त्यावर म्हशीचं दही. मांजराचा वाटा. माझ्या धमकीनंतरही तिनं तो काढून ठेवला होता. फक्त आणून द्यायची तिची छाती झाली नव्हती. कापश्यानं तो द्रोण चाटूनपुसून खाल्ला. मग दीदीनं छुहीच्या मातीत भिजवलेलं फडकं घेतलं. त्या दिवशी पूजेनंतर आया आपल्या लेकरांच्या पाठीवर ते हळूच थापतात, आयुष्य वाढावं म्हणून. पोता मारणं म्हणतात त्याला. तिची लेकरं दूर होती. तिनं ते फडकं कापश्याच्या काजळलेल्या पाठीवर सहा वेळा थापलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “तोरो लइका ए न, भाभी.” तुझंच लेकरू आहे ना. मी तिचे ओले, मातकट हात धरले आणि चारचौघींत माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितलेली नाही. जमली की नाही कोण जाणे.

दवाखान्यात जाताना ऑटोत कापश्या माझ्या मांडीवर होता, पाठीवर मातीचे पिवळट ठसे. मग मी विचारलं, “लाल झाकण तुम्हाले कसं माहीत?” हे बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “तू दुपारी झोपत होती ना, तव्हा आम्ही दोघंही तिथंच बसत होतो. मी अन् तो.” आणि थोड्या वेळानं, “डॉक्टरनं डोस वाढवला तव्हा सांगाव वाटलं. पण तू... मले भेव वाटलं तुझं.”

भेव! चाळीस वर्षांच्या संसारानंतर ह्या माणसाला माझं भय वाटलं, एवढं की डोळ्यांदेखत चुकीचं औषध वाढत असताना तो गप्प बसला. मला संताप यायला हवा होता ना? आला नाही. माझ्या हातात आकडे होते, खरे आकडे, दिवसातून दोनदा रक्त काढून मिळवलेले. पण त्या आकड्यांमागची हकीकत माझ्यापर्यंत येत नव्हती, कारण तिच्या वाटेवर मीच छडी घेऊन उभी होते. यंत्राला मी भीती घालू शकत नाही म्हणून ते खरं बोलतं. माणसं माझ्यापुढे खरं बोलतील असं मी त्यांना कधी वागवलं होतं?

डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, दर तासाला पाहिलं, आणि आम्हाला एक युनिटावर परत आणलं. मी त्यांना सगळं सांगितलं: भात, भांडण, दोनशे चार, न आणलेला मध. आता दीदी दुपारी भाताऐवजी काटे काढलेला मासा घालते, आणि भिंतीवरून रोज विचारते, “कतका हे आज?” मी आकडा सांगते. कधी तो चांगला असतो, कधी नसतो. रोग गेलेला नाही, आणि प्रत्येक सकाळी ती उलटी मोजणी सुरू झाली की माझं काळीज अजूनही त्या अडतीसवर जाऊन उभं राहतं.

आज सकाळीही तसंच झालं. ऊन कानामागे आलं, कान लाल झाला, ती कडेची शीर दिसली. थेंब उगवला, मोजणी संपली, आकडा ठीक आला. मी यंत्र पुसायला घेतलं तर कापश्याशेजारी कट्ट्यावर एक बोट येऊन टेकलं. ह्यांचं. बारा वर्षांत साखर तपासायला मी बोलावल्याशिवाय ते कधी आले नव्हते. मी नवी सुई काढली. बोट उन्हात धरलं तर त्याच्याही कडेला तीच लाली होती.

“काल दीदीकडे दोन खुरम्या खाल्ल्या,” ते म्हणाले.

गुळातल्या, तळलेल्या! माझ्या दातांपर्यंत सगळं आलं. पस्तीस वर्षांच्या वर्गांचा आवाज घशात येऊन बसला. मी कापश्याच्या कानाकडे पाहिलं. बोट पुसलं, टोचलं आणि थेंबाची वाट पाहत राहिले.

थेंब उगवायच्या आत ते म्हणाले, “तीन.”